फेब्रुवारीत मनालीजवळच्या धुंदीच्या वर जायचंय : बर्फाचा उतार धोक्याचा आहे हे ओळखायचं कसं?

तिलकवाडीची_ताई

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ आणि त्याचे चार मित्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मनालीला निघालेत. सगळे इथलेच, बेळगावच्या तिलकवाडी, शहापूर, कंग्राळीचे. पावसाळ्यात वैजनाथ, कलानंदीगड, राजहंसगड पायाखाली घालणारी पोरं आहेत, दमाला कमी नाहीत. पण सोलांगला बर्फात फोटो काढून परत यायचं त्यांना नको आहे. धुंदीच्या पुढे ब्यास कुंडाच्या वाटेवर बकरथाचपर्यंत जायचं आणि एक रात्र बर्फात तंबू ठोकून राहायचं, असा बेत आहे. तिकडचाच एक माणूस नेणार आहे.

मी त्याला फोन करून हिमस्खलनाचं विचारलं. तो म्हणाला, "दीदी, मौसम साफ रहेगा तो कुछ नहीं होता." मला हे उत्तर पटलं नाही, पण का पटलं नाही ते भावाला समजावून सांगता येईना. आपण पावसातली माणसं. ढग कळतात, ओढ्याचं पाणी कधी चढतं ते कळतं, शेवाळलेला कातळ लांबून ओळखतो. बर्फात काय बघायचं? कुणी राहून आलं असेल तर सांगा.

जांबोटीकर

जाऊ देत की ताई. लई विचार करालाय तुम्ही. उत्तराखंडात केदारकंठाला दर हिवाळ्यात हजारो पोरं जातात, आमच्या गल्लीतली सात जणं गेल्या वर्षी जाऊन आली. काय झालं नाही. नेणारा तिथला हाय म्हटल्यावर त्याला बर्फ आपल्यापेक्षा जास्त कळतो.

कुंदा_प्रेमी

आमची आजी म्हणते, बर्फ गोळ्यावर सरबत घालून खायचा असतो, त्यावर झोपायचं नसतं. :)

ताई, मला यातलं काही कळत नाही, पण धागा वाचतोय. माझाही जायचा विचार आहे.

माजी_सुभेदार

ताई, मी मराठा रेजिमेंटला होतो. आपल्या कॅम्पातल्या सेंटरातूनच भरती. नोकरीतले दोन हिवाळे उंचावर बर्फात काढले. जागा सांगत नाही, गरज नाही.

तुम्हाला ते उत्तर का पटलं नाही ते मी सांगतो. हवा साफ झाली म्हणजे धोका गेला, हा हिशोब पावसाचा आहे. पाऊस थांबला की दोन तासांत ओढा उतरतो. बर्फाचं तसं नाही. तीन दिवस पडून चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडतं आणि तोच दिवस सगळ्यात वाईट असतो. नवा बर्फ जुन्यावर अजून बसलेला नसतो, वजन मात्र सगळं आलेलं असतं. वर ऊन बघून माणूस बाहेर पडतो.

एकदा आमची तुकडी एका नाल्याच्या अलीकडे दोन दिवस अडकून पडली. आकाश निळंशार. पलीकडची चौकी डोळ्याने दिसत होती, पोचायला चाळीस मिनिटं. आमचा जेसीओ, म्हणजे तुकडीवरचे साहेब, हलू देईनात. रॉकेल संपत आलेलं, पोरं वैतागलेली. मीसुद्धा मनात त्याला बोल लावले. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला तोफ डागल्यासारखा आवाज झाला आणि तंबूवर बर्फाची धूळ येऊन बसली. सकाळी बघितलं तर नाल्यात आमची वाटच नव्हती. दोन मजली घराएवढा ढीग. कुणी पाय ठेवला नव्हता, आपणहून आला.

त्या साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. एक शब्द बोलले नाहीत, चहा टाकायला सांगितला.

तिलकवाडीची_ताई

काका, अंगावर काटा आला. भावाला हे वाचायला देते.

खानापूरचा_मास्तर

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. सुभेदारकाकांनी जे सांगितलं त्यामागचं कारण लिहितो, कारण कळलं की लक्षात राहतं.

बर्फ एकदम पडत नाही, थराथराने बसतो. आपल्याकडचा मांडा डोळ्यांपुढे आणा. पातळ पापुद्रा, आत पिठीसाखर, वर घडी. प्रत्येक बर्फवृष्टी म्हणजे एक घडी. दोन घड्या एकमेकींना चिकटल्या असतील तर काही होत नाही. मध्ये सुट्या रव्याचा थर राहिला तर वरची घडी त्यावरून सरकायला मोकळी.

हा रवाळ थर येतो कुठून? जमीन बर्फाखाली साधारण शून्य अंशाला असते. बर्फाचा थर पातळ, रात्र निरभ्र आणि कडाक्याची थंड असली की पृष्ठभाग उणे पंधरा-वीसपर्यंत जातो. मग खालच्या उबेकडून वरच्या गारठ्याकडे वाफ सरकते आणि कणांचे टोकदार, मोठे स्फटिक होतात. त्यांची एकमेकांशी पकड राहत नाही. मुठीत घेतला तर गोळा होत नाही, साखरेसारखा बोटांतून गळतो. म्हणजे बघा, ज्या स्वच्छ थंड रात्रींना आपण "मौसम साफ" म्हणतो, त्याच रात्री आत कमकुवत थर तयार होतो. पुढे त्यावर जाड बर्फ पडला की सापळा पूर्ण. वरून काही दिसत नाही, सगळं सारखंच पांढरं.

आणि आपल्या घाटातल्या दरडीपेक्षा वेगळी गोष्ट ही की दरड सुटते ती मुरलेल्या पाण्याने. तळीयेला २०२१ साली, इर्शाळवाडीला २०२३ साली जुलैच्या पावसात डोंगर खाली आला. माणूस तिथे चालला म्हणून नाही. बर्फाची लादी, म्हणजे ती वरची सलग घडी, मात्र माणसाच्या पावलानेही सुटते. हौसेने डोंगरात गेलेल्यांच्या अपघातांत दहातल्या नऊ वेळा ती लादी सापडलेल्याने किंवा त्याच्या सोबत्यानेच मोडलेली असते. हे वाचलं तेव्हा मला भीतीपेक्षा दिलासा वाटला होता. आपण मोडतो, तर न मोडणंही आपल्या हातात आहे.

जांबोटीकर

मास्तर, मांड्याचं पटलं. पण मग केदारकंठाला का काय होत नाही? तिथं बी थर असतातच की.

खानापूरचा_मास्तर

चांगला प्रश्न. कारण उतार. लादी सुटायला साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार लागतो, सगळ्यात जास्त ३८ च्या आसपास. त्याहून सपाट असेल तर ती सहसा सरकत नाही. फारच उभा असेल तर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा झडत राहतो. केदारकंठाची वाट बरीचशी देवदाराच्या जंगलातून आणि मोकळ्या दांडावरून जाते. तिथेही शेवटच्या चढाला भान ठेवावंच लागतं, पण ती आणि धुंदीच्या वरची दरी यांची तुलना नको. तिथे दोन्ही बाजूंनी उभे उतार तुमच्या वाटेवर येऊन संपतात.

३० अंश म्हणजे किती? घरच्या जिन्याला हात लावून बघा, साधारण तोच चढ. मोबाईलमध्ये कोन मोजायची सोय असते, ती वापरून भावाला राजहंसगडाचे चार-पाच उतार मोजून यायला सांगा. डोळ्याला सवय लागते. अंदाज नेहमी चुकतो, मी स्वतः मोजून बघितलंय.

मलप्रभा_काठ

यात एक राहिलं. पायाखालचा उतार सपाट असला तरी डोक्यावरचा उतार तुमचाच असतो. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथू ला च्या रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक गेले, ते काही गिर्यारोहक नव्हते, गाडीने आलेली माणसं. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांची वस्तीच गाडली गेली. ५४ जण होते, ८ वारले, ४६ जणांना बाहेर काढलं. झोपायच्या जागेवर आला.

म्हणून बकरथाचला तंबू कुठे लावणार, हा प्रश्न वाट कुठली यापेक्षा मोठा आहे. रात्रभर तुम्ही एकाच जागी असता.

धारवाडची_सून

माझं माहेर धारवाड जिल्ह्यातलं, सासर बेळगावात. फेब्रुवारी २०१६ चे ते दिवस मी विसरू शकत नाही. ३ तारखेला सियाचिनमध्ये १९,००० फुटांवरच्या चौकीवर हिमस्खलन झालं, मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. त्यातले लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद आमच्या कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूरचे. सगळ्यांनी आशा सोडली होती. सहाव्या दिवशी २५ फुटांहून खोल बर्फाखालून ते जिवंत निघाले. डॉट आणि मिशा नावाच्या दोन कुत्र्यांनी जागा दाखवली होती.

त्या दोन दिवसांत हुबळीपासून निपाणीपर्यंत कुठल्याही देवळात जा, मशिदीत जा, चर्चमध्ये जा, एकच नाव. माझ्या सासूबाईंना कन्नड नीट येत नाही, पण टीव्हीवरच्या कन्नड बातम्या लावून बसायच्या. ११ तारखेला ते गेले तेव्हा घरात कुणी जेवलं नाही.

जांबोटीकर

अक्का, आठवतंय. आमच्याकडं बी शाळेत प्रार्थना झाली होती.

पण यातनं एक दिसतं की नाही, सहा दिवसांनी बी माणूस मिळू शकतो. म्हणजे मदत येईपर्यंत आशा असते.

बेळगाव_डॉक्टर

जांबोटीकर, तुमची भावना कळते, पण हे पोरांच्या डोक्यात जाऊ देऊ नका. कोप्पद यांच्याभोवती हवेची पोकळी राहिली होती, असं घडणं अतिशय दुर्मीळ. नेहमीचं गणित मिनिटांचं आहे. पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. ३५ मिनिटांनंतर तिघांतला एखादा. कारण थंडी नाही, श्वास. बर्फात हवा असते, पण सोडलेल्या श्वासाची वाफ तोंडापुढे गोठते आणि तिथे काचेसारखं कवच धरतं. आपलाच वापरलेला श्वास परत आत येतो. शिवाय घसरताना भुसभुशीत असलेला बर्फ थांबला की काँक्रीटसारखा आवळतो, बोट हलत नाही.

आता सांगा, मनालीतून मदत १५ मिनिटांत पोचेल का? हेलिकॉप्टर तयार असलं तरी नाही. म्हणजे वाचवणारे कोण, तर तुमच्या शेजारी चालणारे चार जण. त्यांच्याकडे साधनं आहेत का आणि ती वापरता येतात का, एवढ्यावर सगळं आहे.

मलप्रभा_काठ

डॉक्टरसाहेबांच्या मुद्द्याला जोडून, साधनं तीन. बीकन, लांब जोडकाठी आणि फावडं. बीकन अंगावर कपड्यांच्या आत बांधायचा, तो ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश पाठवतो. कुणी गाडला गेला की बाकीच्यांनी आपापले बीकन शोधण्यावर टाकायचे. जवळ पोचलं की काठी खुपसून नेमकी जागा पक्की करायची आणि मग खणायचं, तेही बरोब्बर वरून नाही, उताराच्या खालच्या बाजूने आत शिरत. एकाकडे असून चालत नाही, प्रत्येकाकडे तिन्ही हवीत. आणि शोधताना मोबाईल बीकनपासून निदान अर्धा मीटर लांब, नाहीतर तो गोंधळतो.

भाड्याने मिळतात का, हे नेणाऱ्याला विचारा. "लागत नाही" म्हणाला तर उत्तर मिळालं समजा.

पंत_शहापूर

विषयांतराबद्दल क्षमा. मराठीत बर्फ, हिम, दंव, गारा यापलीकडे आपल्याकडे शब्दच नाहीत. ज्याने पडताना बघितला नाही त्याने नावं कुठून द्यावीत? मास्तरांनी "रवाळ" वापरला तो मला फार आवडला. "लादी" पण छान. जमलं तर असेच शब्द रुजवू या.

माजी_सुभेदार

पंत, विषयांतर नाही, कामाची गोष्ट आहे. तिकडे गढवालात, हिमाचलात गावची माणसं हिमस्खलनाला "ग्लेशियर आया" म्हणतात. आपल्या पोरांना ग्लेशियर म्हणजे हिमनदी, हजारो वर्षं जागेवर असलेली. "आगे ग्लेशियर आया है" ऐकून ती खूश होतील, कॅमेरा काढतील. तो सांगतोय की पुढे उतार सुटून आलाय आणि एक सुटला तर शेजारचाही सुटायच्या बेतात असतो. हे भावाच्या कानावर जरूर घाला.

अजून बघायच्या खुणा सांगतो. एक, आसपास ताजे सुटलेले उतार. याहून मोठी खूण नाही. दोन, पाय टाकल्यावर "हुंफ्" असा दबका आवाज आणि पायाखालचा बर्फ किंचित बसल्यासारखा वाटणं. आतला थर मोडल्याचा तो आवाज. तिथून पाऊल पुढे नाही, आल्या वाटेने मागे. तीन, पावलापासून काच तडकल्यासारखी भेग पळत जाणं. चार, वारा. दांडाच्या ज्या बाजूला वारा बर्फ नेऊन टाकतो तिथे गुबगुबीत गादी दिसते, वर हात मारला तर ढोलासारखी पोकळ वाजते. फोटोला तीच जागा छान दिसते.

उतार ओलांडायचाच असेल तर एकेकाने. बाकीच्यांनी आडोशाला उभं राहून त्याच्याकडेच बघायचं, गप्पा नाहीत. पहाटे, ऊन लागायच्या आत. सॅकचे पट्टे सैल. आमच्या वेळी कमरेला लांब लाल दोरी सोडायचो, शरीर गाडलं तरी दोरी वर राहील म्हणून.

कंग्राळी_एक्सप्रेस

ताईंच्या भावाबरोबर जाणाऱ्यांतला मी एक. सगळं वाचलं. थोडं माझंही ऐका.

आम्ही काही वेडे नाही. दोन वर्षं पैसे साठवलेत. माझी नोकरी उद्यमबागेत, सुट्टी वर्षातून एकदाच. तिथे जाऊन "बर्फ चांगला नाही" म्हणून मागे फिरायचं हे बोलायला सोपं आहे. तिकिटं, पैसे, सगळं गेलेलं असतं. आणि सोबत नेणारा तिथला माणूस पुढे चालत असेल तर आम्ही मागे कसं फिरायचं? आम्हाला काय कळतं म्हणून?

माजी_सुभेदार

बाळा, तू खरं बोललास. बर्फापेक्षा हेच जड असतं. दोन वर्षांचे पैसे पाठीवर घेऊन माणूस उतारावर उभा राहतो.

म्हणून मागे फिरायचा निर्णय तिथे घ्यायचा नाही. इथे घ्यायचा, बेळगावात, चहा पीत. बर्फ पडून ४८ तास झाले नसतील तर दरीत शिरायचं नाही. हुंफ् आवाज आला तर मागे. पाचांतला एक जरी नको म्हणाला तर सगळे मागे, त्याला कारण विचारायचं नाही. हे कागदावर लिहा, पाचही जणांनी सह्या करा आणि नेणाऱ्याला पैसे द्यायच्या आधी दाखवा. तो हसला तर दुसरा माणूस शोधा.

आणि अनुभवी माणूस पुढे आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. द्रौपदी का डांडा या उत्तराखंडातल्या शिखरावर ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. शिकवणारे होते, शिकणारे होते. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांत चढलेली सविता कंसवाल त्यात होती. २७ मृतदेह मिळाले, दोघे मिळालेच नाहीत. त्यांना काय बर्फ कळत नव्हता? बर्फाला समोर कोण आहे ते कळत नाही.

खानापूरचा_मास्तर

कंग्राळी, एक सोय सांगतो. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिवाळ्यात हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. पूर्वी हे काम सासे नावाची संस्था करायची, २०२० मध्ये ती आणि आणखी एक संस्था एकत्र करून ही झाली. धुंदीला त्यांचं निरीक्षण केंद्रही आहे, म्हणजे तुमच्याच वाटेवर. निघायच्या आठवडाभर आधीपासून रोजचा इशारा बघत जा. फक्त तो सगळ्या जिल्ह्याचा असतो, तुमच्या समोरच्या एका उताराचा नसतो, हे ध्यानात ठेव.

जांबोटीकर

मी सुरुवातीला "काय होत नाही" म्हटलो होतो. ते मागे घेतो. आमच्या गल्लीतल्या पोरांना आज विचारलं, बीकन होता काय? एकालाबी शब्द माहीत नव्हता.

माझी एक सूचना. आमच्या घराचं बांधकाम चालू हाय, वाळूचा मोठा ढीग पडलाय. रविवारी या सगळेजण. एक पोतं मीटरभर खाली पुरतो आणि खणून बघा किती वेळ लागतो. नाश्ता आमच्याकडे.

कुंदा_प्रेमी

नाश्त्याला मी येतो. आणि खणायलाही.

कंग्राळी_एक्सप्रेस

काल रविवारी जांबोटीला जाऊन आलो, पाचही जण. जांबोटीकर अण्णांनी भुश्श्याचं पोतं आधीच पुरून ठेवलं होतं. वर काठी रोवलेली, म्हणजे जागा शोधायची नव्हती, नुसतं खणायचं होतं. चार फावडी, चार जण, पाचवा घड्याळ घेऊन उभा. पोत्याचं तोंड दिसायला नऊ मिनिटं लागली. पूर्ण बाहेर यायला चौदा.

तीन मिनिटांनंतर हातात जोर राहिला नाही. एकमेकांच्या मध्ये मध्ये येत होतो, एकाने काढलेली वाळू दुसऱ्याच्या खड्ड्यात. मग दुसऱ्यांदा केलं. पुढे एकच खणणारा, मागचे नुसती वाळू मागे ओढणारे, दर मिनिटाला पुढचा बदलायचा. सहा मिनिटांत तोंड दिसलं. वाळू मोकळी होती. बर्फ काँक्रीटसारखा होतो असं डॉक्टरांनी लिहिलंय, ते सारखं डोक्यात येत होतं. परत येताना गाडीत फारसं कुणी बोललं नाही.

मोबाईलने जांबोटीच्या टेकडीचा उतारही मोजला. आम्ही सगळे ४५ म्हणत होतो. २९ निघाला.

बेळगाव_डॉक्टर

सहा मिनिटं! शाबास. मास्तर, तुमचे विद्यार्थी झाले हे.

तिलकवाडीची_ताई

मंडळी, शेवटचं काय ठरलं ते सांगते. काल रात्री पोरांनी माझ्यासमोरच त्या माणसाला फोन लावला. भावाने चारच प्रश्न विचारले. तंबूच्या जागेवर डोंगराचा कुठला उतार उतरतो? तुमच्याकडे सहा जणांचे बीकन आहेत का? या हंगामात ती दरी शेवटची कधी सुटली? आणि तुम्ही शेवटचे मागे कधी फिरलात?

पहिल्या तीन प्रश्नांवर तो "हो जाएगा" म्हणत राहिला. चौथ्यावर जरा थांबला आणि म्हणाला, मी कधीच मागे फिरलेलो नाही. भावाने "नमस्ते" म्हणून फोन ठेवला.

बकरथाच रद्द केलंय. मनालीला जाणारच, तिकिटं तीच. सोलांगच्या अलीकडे देवदाराच्या जंगलात, उताराखाली न येणाऱ्या जागी दोन दिवस चालायचं, जवळच्याच गावात राहायचं. बर्फ पडला तर ४८ तास खोलीत. कागदावर सह्या झाल्यात, तो कागद आमच्या देवघरात ठेवलाय. पुढच्या वर्षी मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत २६ दिवसांच्या प्राथमिक कोर्ससाठी नाव घालायचं म्हणतात. एवढी सुट्टी कंग्राळीच्या दोघांना कशी मिळणार, त्यावर अजून वाद चालू आहे.

सुभेदारकाका, तुम्ही एकदा घरी या. भावाला तुमच्याकडून तो हुंफ् आवाज तोंडाने काढून ऐकायचाय.

माजी_सुभेदार

येतो. गुरुवारी कॅम्पात पेन्शनचं काम आहे, ते आटोपून चारच्या सुमाराला. पाचही जणांना बोलावून ठेवा.